देव वाटेन हाय

आमच्या धवलारीण काकी देवांना लग्नाचं आवतण द्यायच्या आणि त्यांना यायला उशीर झाला तर शिव्याही द्यायच्या. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात धवले गाणारी बाई. ती एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावते, आणि सगळे देव आल्याशिवाय पुढचं काही हलत नाही. काकींची यादी सानपाड्याच्या गावदेवीपासून सुरू व्हायची आणि संपता संपायची नाही. मधेच थांबून त्या एखाद्या देवीला सुनवायच्या, "ये गो बाय, किती नटतंस! पोरीची हलद सुकली." बायका खुदखुदायच्या. देवी बहुधा यायची.

सानपाड्यात टॉवरांच्या मागे जुनं गाव दडलेलं आहे. तिथे काकींची चार मजली अरुंद इमारत होती आणि तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे. मी साताऱ्याकडची, म्हणून गावाच्या दृष्टीने घाटावरची. ऐरोलीच्या ऑफिसात माझं काम म्हणजे दुसऱ्यांच्या कामांची वेळापत्रकं आखणं. थोडक्यात, काळजी करण्याचा मला पगार मिळायचा, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करायचे.

काकींकडे घड्याळ नव्हतं. कशालाही उशीर झाला की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "देव वाटेन हाय." वाटेन म्हणजे वाटेत. प्लंबर आला नाही, देव वाटेन हाय. नातवाचा निकाल लागला नाही, देव वाटेन हाय. आता 'वाटेत आहे' असं फोनवर सांगणारा माणूस अजून टॉवेल गुंडाळून घरात फिरत असतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. देवाबद्दलही माझं मत फारसं वेगळं नव्हतं.

एकदा गावातल्या एका बड्या हळदीत कार्यक्रम आखणाऱ्या पोराने काकींपुढे छापील कागद धरला. त्यात 'धवले : दहा मिनिटं' असं लिहिलं होतं, मग ड्रोन, मग डीजे. काकींनी तो कागद नातवाकडून वाचून घेतला. "तेतीस कोटी हायत ते. धा मिनिटान कसं आनू? तुझा टेम्पो पाठवतस का?" असं विचारून त्या गायला बसल्या. पाऊण तास ड्रोन जमिनीवर बसून होता.

माझं लग्न समीरशी ठरलं तेव्हा काकींनी परस्पर जाहीर केलं, की घाटावरची असली तरी हिच्या लग्नाला धवले मीच गाणार. मला फार आनंद झाला. घरचे सगळे दूर, आणि या गावात माझं हक्काचं असं पहिलं माणूस म्हणजे त्या. मग तारखेच्या वीस दिवस आधी समीरच्या कंपनीने त्याच्यासकट अख्खी टीम घरी बसवली. माझ्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर एवढंच सांगितलं, "आधी नोकरी, मग अक्षता." समीरला नोकरी लागायला आठ महिने गेले. दुसरी तारीख धरली, तर दादाच न्हाणीघरात घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. माझ्या वेळापत्रकाच्या इतक्या आवृत्त्या झाल्या, की हॉलवाला माझा नंबर पाहून फोन उचलेना.

रोज संध्याकाळी मी जिन्यात बसून रडगाणं गायचे. काकी ऐकून घ्यायच्या आणि सुका जवळा, म्हणजे बारीक सुकट, भरलेलं सूप माझ्यापुढे निवडायला सरकवायच्या. जवळा निवडला की दोन दिवस कोणाशी हात मिळवायची सोय राहत नाही. "हात कामान हाय, मग तोंड रिकामा कशाला? रिकाम्या तोंडान टेन्शन घुसतंय," असं म्हणून त्या मला देवांची यादी म्हणायला लावायच्या. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "तुमचा देव कोन गो?" मी म्हटलं, पालीचा खंडोबा. त्यांनी चालीत बसवून पाहिलं, बसला, आणि लगेच त्याला यादीत घुसडला. शेवटची ओळ मात्र कायम तीच असायची. जो कोनी वाटेन हाय, त्यानी दमान यावा, त्याचा पान झाकून ठेवलाय. आणि त्यांच्या घरच्या प्रत्येक पंगतीत एक वाढलेलं पान खरंच झाकून ठेवलेलं असायचं.

तिसरी तारीख ठरली आणि काकींचा आवाज बसला. आधी वाटलं गाऊन गाऊन बसला असेल. मग वाशीच्या डॉक्टरांनी गळ्यात गाठ सांगितली, ऑपरेशन झालं, आणि त्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून नुसती हवा निघत होती. मी भडकले. "पहिल्या तारखेला लग्न झालं असतं तर तुम्ही गायला असता ना, काकी? हेच का तुमच्या देवाचं टायमिंग? सगळं चांगल्यासाठी होतं म्हणे!"

त्यांनी मला जवळ ओढलं. कुजबुजीतही त्यांचा ठसका गेला नव्हता. "चांगला करल असा मी कवा बोल्ली? देव येल, येवराच बोल्ली." मग सूप पुढे सरकवलं. "निवर. आनी बोल, पयल्यापासून."

तिसऱ्या खेपेला हॉल मिळालाच नाही, म्हणून काकींनी त्यांच्या दारातल्या गल्लीत मांडव घातला. आधी धवले, मग गुरुजी, हा त्यांचा हुकूम. शेजारच्या गावातली दुसरी धवलारीण बोलवू या, असं त्यांची सून रेश्मा म्हणाली, तर काकींनी कागदावर नातवाकडून लिहून घेतलं, 'तिचे देव येगले.' काकींची यादी पूर्ण येणारी गावात आता एकच बाई होती, आणि ती हळद लावून पाटावर बसली होती. नवरीने स्वतःच्याच लग्नात धवले गाणं हा प्रकार सानपाड्यात कोणी पाहिला नव्हता. माझा आवाज म्हणजे कुकरची शिट्टी. तरी मी सुरू केलं.

निम्म्यात आले तेव्हा गुरुजींनी घड्याळाकडे बोट दाखवलं. मुहूर्ताला चार मिनिटं राहिली होती. दादा काठी टेकून खुर्चीत बसले होते, गल्लीतल्या लग्नाने तोंड कडू करून. माझ्यातली वेळापत्रकवाली जागी झाली. मी मधले चार देव गाळले आणि थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली.

दंडाला असा चिमटा बसला की मी ओरडलेच. काकींनी माझ्या नाकासमोर चार बोटं धरली होती. मी मागे गेले. तिसरा खंडोबा होता. गावभरचे देव मी बिनचूक बोलावले होते आणि घरचाच गाळला होता. सानपाड्याच्या गल्लीत, आगरी चालीवर, पालीच्या खंडोबाचं नाव निघालं तसे दादा दचकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तीच डोळ्यांना लावली. मलाही पुढची ओळ म्हणता येईना. गल्लीतल्या बायकांनी ती उचलून धरली. काकींचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मुहूर्त केव्हाच निघून गेला होता. गुरुजींनी कपाळाला आठ्या घालत मोबाइलवर पाहून अर्ध्या तासानंतरचा दुसरा काढला.

पुढच्या वर्षी काकी गेल्या. बाराव्याच्या दिवशी ऑफिसात एक मीटिंग लांबली. रेश्माला मी 'वाटेत आहे' असा मेसेज टाकला तेव्हा ऐरोलीच्या लिफ्टचं बटणसुद्धा दाबलं नव्हतं. पोचले तर पंगती उठल्या होत्या, गल्लीत भांडी घासणं चाललं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. ज्या बाईने माझ्या लग्नासाठी दीड वर्ष वाट पाहिली, तिच्या बाराव्याला मला वेळेत येता आलं नव्हतं.

रेश्माने आतून एक झाकलेलं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं.

"हे कोणाचं?"

"देवाचं. आय गेली म्हनून काय पद्धत मोडायची नाय. पन त्यो काय अजून आला नाय. तुमी बसा."

वालाचं बिरडं होतं, भात होता, सगळं गार झालेलं. मी रडत रडत शेवटच्या शितापर्यंत जेवले. हात धुवून आले आणि रेश्माला म्हटलं, "अजून एक पान वाढ गो, आणि झाकून ठेव. तो वाटेन हाय."