मामांचा ऑस्ट्रेलिया

माझे मामा आयुष्यात वर्धा नदीच्या पलीकडे फारसे गेले नाहीत, पण ऑस्ट्रेलियाच्या रानात डोळे बांधून सोडलं तरी ते बरोबर पाणवठ्यावर पोचतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मेंढ्यांची लोकर कातरणारे गडी कामाच्या शोधात कसे हिंडतात, कोरड्या वर्षी गुरांना कोणत्या झाडाचा पाला घालतात, सगळं त्यांना तोंडपाठ. हे ज्ञान आलं अमरावतीच्या एका रद्दीच्या दुकानातून. मामा अमरावतीतच ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एका दुपारी त्यांच्या हाती ऑस्ट्रेलियन गोष्टींचं एक जाड पुस्तक लागलं, पहिली वीसेक पानं फाटलेलं. त्यातली पहिली गोष्ट कशी सुरू होते हे मामांना आजही माहीत नाही, पण विचारलं तर ते बिनदिक्कत सांगतात.

आता ते निवृत्त होऊन मोर्शीजवळच्या संत्र्याच्या बागेत मामींसोबत राहतात. त्या गोष्टींतले फिरस्ते गडी पत्र्याच्या डब्यात चहा उकळतात, म्हणून मामाही तीन दगड मांडून तुपाच्या जुन्या डब्यात चहा करतात. त्यात धूर, राख आणि वरून पडलेला पाला असतो, आणि यातलं काहीही काढायची सोय नसते. मी अकोल्याहून गेलो की तो प्यावाच लागतो. मामी मागून गॅसवरचा चहा आणून ठेवतात आणि शांतपणे म्हणतात, ‘हा पी. तो झाडाले टाकून दे.’

त्या गोष्टींतली माणसं फार कमी बोलतात. मामांना याचं इतकं कौतुक वाटलं की अंजनगाव सुर्जीच्या एका लग्नात त्यांनी दिवसभर फक्त ‘हं’ एवढंच बोलायचं ठरवलं. जेवलात का? हं. पंगत बरी झाली का? हं. वऱ्हाडात लग्नाला आलेला माणूस गप्प बसला म्हणजे तो रुसला, यापलीकडे दुसरा अर्थ निघत नाही. दुपारपर्यंत नवरदेवाकडची तीन वडीलधारी माणसं टोपी, उपरणं आणि नारळ घेऊन हात जोडून उभी राहिली. ‘आमचं काई चुकलं असंन तर पोटात घाला.’ मामांनी त्यावरही ‘हं’ म्हटलं, तेव्हा त्यांनी आणखी एक उपरणं आणलं. ती दोन्ही उपरणी मामांनी त्या पुस्तकाला गुंडाळून ठेवली आहेत.

‘हे ऑस्ट्रेलियातले लोक आपलेच हायेत,’ मामा मला नेहमी सांगतात. ‘ऊन तसंच, बोलनं तसंच रोखठोक. पुण्याचा मानूस भाषांतर करीन तर मेंढपाळाच्या तोंडी ‘अहो, जरा ऐकता का’ घालीन.’ त्या गोष्टी एवढ्या चांगल्या का, याचीही त्यांची उपपत्ती आहे, आणि ती बागेतून आलेली आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या आंबिया बहारासाठी हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी महिनाभर तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. ‘यायनं गोष्टीले ताण देल्ला,’ मामा म्हणतात. ‘शब्दाचं पानी तोडलं, म्हून ते फुलली.’

या पुस्तकातली एकच गोष्ट त्यांना मराठीत आणायची होती. त्यात नवरा मेंढरं घेऊन महिनोन्महिने लांब जातो आणि बायको एकटी माळावर राहते. शेवटी तो परततो, बसतो आणि विचारतो, पाऊस झाला नाही का? ती म्हणते, नाही. गोष्ट संपली. मामांनी ती अकरा वेळा लिहिली. छापायची त्यांना हौस नव्हती. ती मामींना आवडावी, एवढंच त्यांना हवं होतं, आणि त्याच भीतीने त्यांनी ती चार वर्षं वाचून दाखवली नाही. एरवी सगळ्या जगाला शिकवणारा हा माणूस मामींपुढे वही काढायला कचरायचा.

गेल्या डिसेंबरात मी गेलो होतो. बागेला ताण चालू होता. मामी ओट्यावर ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि बहुधा मी सोबतीला आहे या धीरावर मामांनी वाचायला घेतलं. शेवटचं ‘नाई’ वाचून ते म्हणाले, ‘पाह्य, एका शब्दात सारा संसार.’

मामी शेंगा सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पावसाचं इचारलं त्यानं. तिचं कुठी इचारलं?’

‘तेच तर गोष्टीतलं—’

‘बाई बोलली नाई, म्हंजे तिच्यापाशी बोलाले नोतं असं नाई. ताण किती दिवस द्याचा त्याचा हिसाब असते. झाडाले महिनाभर. मले बावीस वर्सं झाले.’

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बावीस वर्षं मामा अमरावतीत खोली घेऊन राहिले. शनिवारी संध्याकाळी एसटीने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. त्यांची मुलगीही शिकायला त्यांच्याजवळच. इथे ही बाग, विहिरीवरची मोटार, मजूर, रानडुकरं सगळं मामींनी एकटीने सांभाळलं. आणि मामा शनिवारी उतरले की पहिला प्रश्न विचारायचे, पाणी झालं का द्यायचं? सुट्टीत इथे असताना मी स्वतः तो कितीदा तरी ऐकला होता, आणि मलाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं.

मामांनी वही मिटली. त्या दिवशी ते खरोखरच गप्प होते, पण कोणी नारळ आणला नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा पाणी सोडून झालं होतं आणि सगळी बाग पांढऱ्या फुलांनी घमघमत होती. मामा ओट्यावर मामींसमोर बसले होते. वही जवळ नव्हती. मामी कुठल्याशा वर्षीच्या गारपिटीचं सांगत होत्या. पोत्याखाली डोकं घालून त्या मोटारीच्या खोलीत एकट्या कशा बसल्या, आणि तेव्हा कोणाची आठवण आली.

‘मंग?’ मामा विचारत होते. मामी पुढचं सांगत होत्या. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही, आणि मला खोकावंसंही वाटलं नाही. हाच ‘मंग’ त्या बावीस वर्षांतल्या पाचव्याच वर्षी निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटून जीव हळहळला. मग मी तीन दगडांपाशी गेलो आणि त्या डब्यात तिघांसाठी चहा ठेवला.