गेट वाजलं नाही

गेटवरचं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र दरवर्षी तपासणीला पाठवावं लागतं, आणि त्याचा कागद भरताना मला जालन्याच्या आमच्या स्टील कारखान्यातली एक तळपती दुपार आठवते. भंगारातून किरणोत्सर्गी तुकडा भट्टीत जाऊ नये म्हणून प्रत्येक ट्रक त्या गेटातूनच आत यायचा. शहागडकडून आलेल्या एका ट्रकला गेट वाजलं. तापलेल्या लोखंडाच्या वासात आम्ही सगळं भंगार उतरवलं, तरी रिकाम्या ट्रकलाही गेट वाजतच राहिलं. शेवटी माझ्या हातातलं मीटर केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या बायकोच्या गळ्यापाशी वाजलं. "थायरॉइडचं औषध घेतलंय," ती ओशाळून म्हणाली, "किरणांचं हाय म्हणले. लेकराला थोडे दिवस जवळ घ्यायचं न्हाई." मी कारण लिहून घेतलं आणि ट्रक सोडला. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली, सोबत नवरा आणि छोटी मुलगी. "लेकराला जवळ घ्यायला डॉक्टरनं कवाच हो म्हणलंय, मॅडम. पण तुमचं गेट वाजल्तं, तवापासून मला भ्याव वाटून राह्यलंय." यंत्राच्या चाचणीसाठी ठेवलेला किरणोत्सर्गी तुकडा धरून मी आधी गेट वाजवून दाखवलं, मग तुकडा लांब ठेवून तिला चालायला सांगितलं. ती पदर आवळून पलीकडे गेली. गेट गप्प. तिनं खाली बसून हात पसरले, पण मुलगी बापाचा पाय सोडेना. पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिला म्हणाले, "जा आईकडे." कागदावर 'यंत्र वाजते का' एवढंच विचारतात. मी हो लिहिते.