चाल आमच्या सुनेची

देवाला वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात, पण म्हणून ती केरात टाकता येत नाहीत. परडीत साठत राहतात. आमच्या घरातल्या किश्शांचं तसंच झालंय. कामाचे म्हणावेत तर नाहीत आणि टाकून द्यायला हात धजत नाही. आता परडी भरली, म्हणून तुमच्यापुढं ओतते.

तर आमची सून पल्लवी जाहिरातीची गाणी करते. शब्द तिचे, आवाज तिचा आणि चालही तिचीच. भूमच्या आमच्या घरात मागच्या बाजूला ज्वारीची पोती ठेवायची खोली होती. तिथं भिंतींना गोधड्या टांगून तिनं माइक मांडला. ढोलकीला माझे धाकटे दीर सदाभाऊजी. आणि दुकानदारांना गाणं ऐकवायला जाताना बरोबर मी. गाण्यातलं माझं ज्ञान आरतीपुरतं. पण इतक्या वर्षांच्या हळदीकुंकवामुळं निम्म्या बाजारपेठेच्या मालकिणी माझ्या ओळखीच्या!

आमच्याकडं जाहिरात म्हणजे रिक्षावरचा भोंगा. आणि भोंग्यावर सिनेमाचंच गाणं, फक्त हिरोइनच्या नावाच्या जागी दुकानाचं नाव. पल्लवीला ते करायचं नव्हतं. खोली मागतानाच ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, माझी एक तरी चाल लोकांच्या तोंडी बसली पाहिजे. दिवाळीपर्यंत नाही बसली, तर खोलीत परत ज्वारी."

"दिवाळीपर्यंत हं," आमचे हे म्हणाले. पोती त्यांनी ओसरीवर काढली खरी, पण उंदरांची काळजी काही त्यांच्या मनातून निघाली नाही.

*

पहिला किस्सा परंड्याच्या एसटीतला. बहिणीचा फोन आला. गाडीचा खडखडाट एवढा, की मला ओरडूनच बोलावं लागत होतं.

"अगं काय सांगू! दिवसभर खोलीचं दार लावून चाली रचते! सदाभाऊजी पण तिलाच सामील! आणि मी फिरते दारोदार, तिच्या चाली घेऊन!"

फोन ठेवला तर शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मांडीवर भाजीची पाटी, डोळ्यांत पाणी.

"बाई, माझी बी तसलीच हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमी कशापायी तिच्यात सामील होता? ल्योक काय म्हनतो?"

मी घाईघाईनं सगळं समजावून सांगितलं. चाली म्हणजे गाण्याच्या, सून गुणाची आहे, मुलाची पण काही तक्रार नाही.

"गान्याच्या व्हय!" म्हणत त्यांनी डोळे पुसले. त्यांचं गाव आलं. पाटी डोक्यावर घेता घेता माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तरी बी, दार उघडं ठिवायला सांगा."

*

बाजारातल्या एका साडीच्या दुकानदारानं मात्र आमचं मन जिंकलं. इतर लोक गाणं ऐकता ऐकता गिऱ्हाईक करतात, फोन घेतात. यांनी गादीवर मांडी घातली, डोळे मिटले, नोकरांना हातानं गप्प केलं आणि शेवटच्या सुरापर्यंत ऐकलं. पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

शेटजींनी डोळे उघडले. "वा! लई गोड. शब्द झकास, आवाज झकास. ताई, काही म्हणजे काही बदलू नका."

"खरंच?" पल्लवी म्हणाली.

"एकदम खरं. आता ह्याला फक्त चाल तेवढी ती लावा, त्या पिक्चरच्या गाण्याची!"

*

ढोकीला साखर कारखान्याच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टरची एजन्सी आहे. ऊस सुरू व्हायच्या आधी त्यांना जाहिरात पाहिजे होती. पल्लवीनं छान ठेक्याचं गाणं केलं. मालकांनी ऐकलं आणि नाराज झाले.

"सगळं हाय वो, पन ट्रॅक्टर कुठं हाय ह्याच्यात? ताकद ऐकू याया पायजे!"

पल्लवी म्हणाली, आवाज नंतर रेकॉर्ड करून घालू. पण सदाभाऊजींना तेवढा धीर कुठला! ते तिथंच खुर्चीत सरसावून बसले, गाल फुगवले आणि तोंडानं ट्रॅक्टर सुरू केला. आधी सेल्फ, मग धडधड, मग चढावरचा दम. बाहेर उभे असलेले दोन शेतकरी दारात येऊन बघायला लागले.

मालक डोकं एका बाजूला कलवून लक्ष देऊन ऐकत होते. भाऊजींनी इंजिन बंद केल्यावर ते हळहळून म्हणाले, "आवाज अगदी बरूबर हाय. पन काका, हे जुनं मॉडेल झालं!"

*

एका क्लासच्या सरांनी तर आम्हाला गाणं लावूच दिलं नाही. "काकू, आता हे सगळं मोबाइलच करतो. फुकट. बघा तुमच्यासमोर करतो."

त्यांनी फोनला सांगितलं: भूम, परंडा आणि वाशीच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाच्या क्लासचं जोशपूर्ण गाणं. चहा येईपर्यंत गाणं तयार! मी खरं सांगते, वाद्यं अगदी सिनेमासारखी. एवढं सगळं फुकट मिळत असेल तर आमच्या पोरीच्या गोधड्या कुणाला पाहिजेत? मग आतला माणूस गायला लागला. भूम त्यानं कसंबसं म्हटलं. पुढं मात्र मोठ्या उत्साहानं "पराठा आणि वाशी" असं ध्रुवपद धरलं आणि शेवटपर्यंत पराठा काही सोडला नाही.

पल्लवी ओठ चावून खाली बघत होती. मला वाटलं, आता तरी सर विचार बदलतील.

सरांनी फोन बंद केला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "चालतंय. पालकांना वाटेल नाष्ट्याची सोय आहे!"

*

शकीलाभाभींचं मिरची कांडप आमच्या घरापासून जवळच. तिथं सगळ्या बाया रांगेत बसलेल्या, प्रत्येकीपुढं आपापली मिरचीची पिशवी. भाभींनी मशीन थांबवलं. एवढं मोठं धूड कुणासाठी थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "गा बेटी," त्या म्हणाल्या. "मोबाइलवर नको. मुँह से गा."

पल्लवी गायला लागली. पहिली ओळ सुरेख झाली. दुसऱ्या ओळीला श्वास घेतला आणि तिथंच ठसका भरला. मग एक शिंक, अशी सणसणीत, की रांगेतल्या बाया खळखळून हसल्या. पोरगी लाजली, डोळे पुसले, परत गायला गेली, परत शिंक.

"माफ करा भाभी, मी रेकॉर्ड केलेलंच लावते," ती म्हणाली.

भाभी उठून तिच्याजवळ आल्या. पदरानं तिचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "अगे, गाना रहने दे. ती शिंक तेवढी दे मला!"

भाभींच्या भोंग्यावर आता रोज सकाळी एक शिंक वाजते आणि मागून नुसतं "शकीलाभाभीचं कांडप!" एवढंच. लोक थांबून हसतात, मिरची घेऊन येतात. आमच्या स्टुडिओचं पहिलं काम खपलं ते असं. सुनेचा सूर नाही, सुनेची शिंक!

*

त्या दिवशी संध्याकाळी मी फुलवाती वळत बसले होते. पल्लवी येऊन जवळ टेकली. सून मला आत्या म्हणते.

"आत्या, एक विचारू? तुम्ही सोळा सोमवार करता, चतुर्मासात काही ना काही सोडता. जे मागितलं ते मिळालंच नाही, तर काय करता?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सुद्धा नाही. मी म्हटलं, "उद्यापन करते."

"आणि मग?"

"दुसरं धरते."

ती हसली, पण उठून गेली नाही. माझ्याही डोक्यातून मग तो विचार जाईना. व्रतात तरी काय असतं? तीच कहाणी, तीच आरती. ऐकणारा ऐकतोय असं धरून आपण म्हणत राहायचं. त्यानं मान हलवली का, हे काही आपल्याला दिसत नाही. दुकानदार बरे म्हणायचे, निदान तोंडावर नाही म्हणतात! थोड्या वेळानं बघते तर पल्लवी माझ्या शेजारी बसून वाती वळत होती आणि तोंडानं काहीतरी नवं गुणगुणत होती.

*

शेवटी गावाबाहेरच्या खव्याच्या भट्टीवर गेलो. मालक गोरखअण्णा. बोलणं मोजकं, कपड्यांना कायम दुधाचा वास. त्यांनी सिनेमाचं नाव काढलं नाही, चालही विचारली नाही. एवढंच म्हणाले, "आमचं काम घाईचं न्हाय. आटवायचं आसतंय. गानं बी आटल्यालं पायजे."

पल्लवीनं मोबाइल पिशवीत टाकला आणि कढईजवळ बसली. एक बाई लांब उलथण्यानं दूध हलवत होती. तळ खरवडून वर, वळण घेऊन खाली. पल्लवी तो हात बघत राहिली. मी सोमवारचा उपास खव्यावर सोडला, भाऊजींनी उपास नसताना माझ्यापेक्षा जास्त खाल्ला, तरी ही आपली बघतेच आहे. घरी येऊन तिनं दार लावलं आणि चाल बाहेर आली:

हळू हळू आटू दे गं, घाई नको करू,
गोरखअण्णांचा खवा मग चाखून बघू.

'आटू दे' म्हणताना सूर असा वर उचललेला, जसं उलथणं कढईतून वर येतं.

अण्णांनी एकदा ऐकलं. "बरं हाय," म्हणाले. झालं. गावोगावचं दूध गोळा करणाऱ्या त्यांच्या टेम्पोवर गाणं वाजायला लागलं.

पल्लवी सकाळी सकाळी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. टेम्पो यायचा, गाणं वाजायचं, लोक कॅन उचलून द्यायचे, टेम्पो जायचा. एकानंही मान वर करून बघितलं नाही. शिंकेला हसणारी माणसं चालीला मात्र ढिम्म!

"भोंगा लागला की लोक कान मिटत्यात, पोरी," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. दिवाळी जवळ आली होती. एक दिवस ते खोलीच्या दारात उभे राहून पोती कशी लागतील त्याचा अंदाज घेताना दिसले. पल्लवीनंही पाहिलं. एका भिंतीवरच्या गोधड्या काढून तिनं घड्या घालायला सुरुवात केली.

मी म्हटलं, "त्या राहू दे आता. रविवारी सोनारीला चल माझ्याबरोबर."

सोनारीच्या काळभैरवनाथाला मी काय मागितलं होतं ते सांगणार नाही. मागणं सांगायचं नसतं. सदाभाऊजीही बरोबर होते. दर्शन झालं, नारळ झाला. मंडपात कुठल्याशा खेड्यातल्या बाया भजनाला बसल्या होत्या. आम्ही तिघं खांबाजवळ टेकलो. एक गाणं संपलं. पुढं बसलेल्या म्होरक्या आजींनी पदरानं घाम पुसला, टाळ सरळ केले आणि पेटीवाल्याला म्हणाल्या, "आता नाथाचं नवं घ्यायचं. चाल खव्याची!"

"खव्याची, खव्याची," बाकीच्या बायांनी माना डोलावल्या आणि सगळ्यांनी एकदम उचललं:

हळू हळू चढू दे गं, पायरी नाथाची...

पल्लवीनं माझं मनगट धरलं. सदाभाऊजी उसळून म्हणाले, "अहो, ही तर आमच्या..." मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी वाक्य गिळलं. हातांना मात्र सवय, मांडीवर ठेका सुरू झाला.

आजींचं लक्ष आमच्याकडं गेलं. सगळा मंडप गात होता आणि एकटी ही पोरगी तोंड मिटून बसलेली, ते काही त्यांना बघवेना. गाणं संपल्यावर त्यांनी हाक मारली.

"का गं सूनबाई, येत न्हाय का तुला ही चाल?"

पल्लवीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग सरकून त्यांच्यापुढं जाऊन बसली. "न्हाय, आजी. कुठली हाय ही?"

"आगं, आपली जुनीच. लहानपनापास्नं ऐकतोय. त्या खव्यावाल्यानं उचलली मेल्यानं!"

"शिकवता का मला?"

"शिकवती की. म्हन माझ्यामागं."

पल्लवी म्हणाली. 'चढू दे' ला सूर वर उचलला, तसं आजींनी टाळ वाजवून थांबवलं.

"तितं चुकलीस. तितं वर न्हाय न्यायचं, खाली सोडायचं. नीट आइक."

त्यांनी म्हणून दाखवलं. पल्लवीनं डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा म्हटलं. 'चढू दे'पाशी आली आणि सूर खाली सोडला.

"हां!" आजी म्हणाल्या. "आता आली तुला."