नऊ संपर्कांची वही

तात्या गेल्याचं कळलं तेव्हा मी भिगवणच्या एसटी स्टँडवर पाण्याच्या पाळीबद्दलची पत्रकं वाटत होते. चुलतभावानं मोटारसायकल बंदही केली नाही. "तात्या गेलं... चल," एवढंच म्हणाला. पुढं पेपरात चार ओळी आल्या : काटेवाडीचे मोटार वाइंडिंगवाले, हौशी रेडिओचा छंद होता. छंद! हे लिहिणाऱ्याला निरवांगीच्या माळावर ट्रॅक्टरची बॅटरी खांद्यावरून चढवायला लावली पाहिजे होती.

तात्या माझे थोरले चुलते. दिवसभर पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे आणि उरल्या वेळात बिनतारी सेट बांधायचे. त्याची सरकारी परीक्षा त्यांनी दिली, मलाही द्यायला लावली. बोलायचे व्हीएचएफ नावाच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, कारण तेवढा सेट आणि अँटेना गावातला माणूस घरी बनवू शकतो. पण या लहरी सरळ जातात. मध्ये टेकाड आलं की संपलं. म्हणून तो माळ. आजोबा तिथं मेंढरं चारायचे, त्यामुळं चारी दिशा कुठून मोकळ्या आहेत हे तात्यांना पाठ होतं.

वर्षातून एकदा या पट्ट्याची स्पर्धा असायची. एकमेकांना गाठायचं, आपापल्या संपर्काचा अनुक्रमांक सांगायचा, दुसऱ्याचा ऐकायचा, दोन्ही पोचले की वहीत ओळ लिहायची. गंमत बघा, रोज संध्याकाळी शहरातली वीसेक मंडळी याच पट्ट्यावर चहापाण्याच्या गप्पा मारायची आणि स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांचे सेट मुके! त्या वर्षी संयोजकांचं पत्र आलं : निदान दहा संपर्क असलेली वहीच धरू, अशा पाच वह्या आल्या नाहीत तर व्हीएचएफ विभाग बंद. पत्र वाचून तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. "ही स्पर्धा बंद झाली की आपल्यासारख्यानं नुसतं ऐकायचं," म्हणाले.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात, दोनला शेवट. मी बांबूवरची अँटेना हातानं फिरवत होते आणि वही लिहीत होते, तात्या माइकवर. साडेबारापर्यंत नऊ झाले आणि मग सव्वा तास नवा संपर्क नाही. वारं बांबू वाकवत होतं, बॅटरी उतरत चालली होती. पावणेदोनला सोलापूर आलं, अगदी बारीक. थोड्या वेळापूर्वी त्यांनी फलटणच्या स्टेशनला 'झिरो झिरो नाइन' दिलेला मी ऐकला होता. आमचा नंबर तात्यांनी सांगितला. पलीकडून "झिरो..." आणि पुढं नुसती खरखर. तात्यांनी पुन्हा मागितला. खरखर. बॅटरी बसली. दोन वाजले.

मी वहीत सोलापूरचा नंबर म्हणून 'दहा' लिहून टाकलं.

"आयकलास?" तात्यांनी विचारलं.

"नऊनंतर दहाच येतो, तात्या."

"मी इचारतोय, आयकलास का?"

"न्हाय. पण अंदाज..."

"अंदाज तुझ्या पत्रकात छाप. हितं न्हाय." त्यांनी वही ओढून घेतली आणि ओळीवर काट मारली.

मी ओरडले. म्हटलं, घरात बसलेल्यांना कुणी जाब विचारत नाही आणि तुम्ही उन्हात उभं राहून स्वतःचीच वही मारता? तुमच्या सोवळ्यापायी विभाग बंद पडणार! तात्या वायर गुंडाळत राहिले. "पडू दे की. पर खोट्यावर चालू ठिवून बोलायचं काय त्याच्यावर?" नऊ संपर्कांची वही त्यांनी रजिस्टर पोस्टानं पाठवली. वह्या चारच भरल्या. विभाग बंद झाला. आणि मी ते त्यांना ऐकवलं... दोनदा ऐकवलं.

तात्यांच्या दहाव्याला सोलापूरहून एक निवृत्त शिक्षक आले. सेटवरच्या आवाजावरून ओळखलं. म्हणाले, "तात्यांचा नंबर मला आला होता. माझा 'दहा' त्यांना पोचला, असं मात्र ते बोलले नाहीत. मग तो संपर्क कसा म्हणायचा? मी काट मारली."

"तुमचे किती झाले?"

"नऊ."

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. आणि तो वहीत राहिला असता तर संयोजकांनी वह्या ताडून बघताना ज्याची वही खरी, त्याच्याच वहीनं तात्यांना खोटं ठरवलं असतं. मी गुरुजींना चहा दिला आणि आत जाऊन रडले.

तरी माझा राग गेलेला नाही. दोन माणसं खरं लिहितात आणि विभाग बंद पडतो, हा दोष त्या दोघांचा नाही. ज्यांनी सेटचं बटणच दाबलं नाही त्यांचा आहे. त्यांना मी नावानिशी पत्रं टाकली : स्पर्धा असो नसो, रविवारी नऊला सेट लावा. गेल्या रविवारी मी एकटी माळावर गेले. उत्तर दिलं फक्त सोलापूरनं. वाऱ्यात नंबर अर्धाच आला. परत मागितला, परत अर्धाच. बहुतेक 'एक' असणार. दुसरं होतंच कोण? मी रकाना मोकळा ठेवला, अँटेना बोटभर वळवली आणि पुन्हा हाक दिली.