हाकेला ओ

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या शेजारी एक पॅलेस्टिनी बाई राहतात. जन्म दमास्कसचा, तिथल्या निर्वासितांच्या वस्तीतला. समोरच्या दारानं त्या कधीच येत नाहीत. वादळात दोन्ही बागांमधल्या फेन्सचं एक पॅनल पडलं, तेव्हापासून तिथूनच येतात. पॅनलपाशी थांबून "कमिंग, सिस्टर!" अशी हाक मारायची, मी "कम, कम!" म्हटलं की मगच पाऊल पुढे. मला वाटायचं, वाट तर उघडीच आहे, एवढं काय विचारायचं! नवीन पॅनलचा विषय नवरा दर शनिवारी काढतो आणि चहाबरोबर विसरतो. बाईंची वाट मोकळी राहिली, म्हणून त्याच्या आळशीपणाचं मला पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या. अथर्वशीर्षाची आवर्तनं चालू असताना त्या बोलायच्या नाहीत म्हणजे नाहीत. घराला आग लागली तरी खुणेनंच सांगतील. त्या सकाळी त्या किचनमध्ये देवापुढे, मी वर मीटिंगमध्ये. बाईंनी हाक मारली. सासूबाईंनी "हूं" करून हातानं बोलावलं, पण बागेतून ते कुणाला दिसणार? दुसरी हाक मी वर ऐकली. तिचा सूरच वेगळा होता. धावत खाली गेले, तर बाई पॅनलपाशी मटकन खाली बसलेल्या आणि आमच्यासाठी आणलेल्या भाताची ताटली गवतात पालथी.

पाणी प्यायल्यावर त्या मोडक्या इंग्रजीत बोलू लागल्या. सासूबाईंसाठी मी मराठीत सांगत गेले.

"युद्धात आमच्या गल्लीच्या एका टोकाला सैन्य, दुसऱ्या टोकाला बंडखोर. रस्त्यावर पाऊल टाकलं की गच्चीवरून गोळी यायची. मग घराघरांच्या भिंती फोडल्या. लोकांच्या स्वयंपाकघरांतून मी बहिणीकडे जायचे. भगदाडापलीकडे कोण बंदूक घेऊन बसलं असेल, काय सांगावं? म्हणून आधी हाक मारायची, आतून ओ आली तरच जायचं. एकदा रात्रभर लढाई झाली. सकाळी बहिणीला हाक मारली, ओ आली नाही. मी परत फिरले. ती पुन्हा कुणालाच दिसली नाही. मी आत जायला हवं होतं का गं?"

सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

त्यानंतर बाई येईनाशाच झाल्या. मी बेल वाजवली, तर त्यांनी खिडकीतूनच हात केला. आता या येणार नाहीत, असं वाटून मला फार वाईट वाटलं. सासूबाई मात्र रोज पूजेला बसण्याआधी मागचं दार सताड उघडून ठेवायच्या.

एके दिवशी सकाळी अथर्वशीर्ष ऐन रंगात आलं होतं, आणि बागेतून बारीकशी हाक आली. मी भाजी चिरत होते. तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई मध्येच थांबल्या आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"ओ! ये गं बाई, ये! आहोत आम्ही घरात, सगळे आहोत!"

बाई आत येऊन खुर्चीवर टेकल्या. सासूबाईंनी डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.