सातवं प्रकरण

मी एकदा न वाचलेल्या पुस्तकाचं कौतुक छापून आणलं, आणि ते पुस्तक नेमकं नीतीवरचं होतं. आता सगळं निभावून गेलंय म्हणून एवढं बिनधास्त लिहिते आहे. तेव्हा कुणी हा विषय काढला असता तर मी त्याला घाईघाईनं चहा विचारला असता.

आमच्या चर्चच्या मंडळीचं एक छोटं मासिक निघतं. निम्मी पानं वाढदिवस, लग्नं आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थनेच्या विनंत्या यांतच जातात. उरलेल्यांत एक पान माझं, 'नवी पुस्तकं'. मी कॉलेजात मराठी शिकवते म्हणून पाळकसाहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलं. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. रविवारी उपासना संपली की चर्चच्या पायऱ्यांवर दोन-चार जण थांबवतात, "छान लिहिलंत हं" म्हणतात. त्यांतले किती जण पुढं जाऊन पुस्तक वाचतात, हे विचारायच्या भानगडीत मी कधी पडले नव्हते.

त्या महिन्यात तीन पुस्तकं आली. एक होतं नोकरदार माणसांसाठी प्रार्थनेचं, पातळसं. सकाळी डबा भरता भरता करायच्या प्रार्थना, वगैरे. ते मी पाऊण वाचलं. दुसरी होती किशोरांसाठी कादंबरी, एका तरुण नर्सनं लिहिलेली. इचलकरंजीतल्या विणकराची मुलगी नृसिंहवाडीला संगमावर नावेत बसते आणि पाण्याखालच्या एका गावात उतरते. पुरात वाहून गेलेली प्रत्येक वस्तू त्या गावात कुणीतरी जपून ठेवलेली असते, आणि परत न्यायची तर तिच्याबद्दल एक खरी गोष्ट सांगावी लागते. ही कादंबरी मी दोनदा वाचली. भाजी करपली तरी वाचली. घरात कुणी हाक मारली तर अंगावर धावून जात होते.

तिसरं पुस्तक आमच्या सरांचं. सर म्हणजे माझ्या शाळेचे हेडमास्तर. निवृत्त होऊन जमाना झाला. आयुष्यभर मुलांना नीतीचे धडे दिले, ते आता एकदाचे पुस्तकात उतरवले होते. मी चार पानं वाचली. 'मानवी जीवनात सदाचाराचे स्थान' अशी सुरुवात बघून मला जांभई आली. मजकूर दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मी अनुक्रमणिका उघडली. सातव्या प्रकरणाचं नाव होतं 'चूक कबूल करताना'. म्हटलं, हे बरंय. लिहून टाकलं: 'सातवे प्रकरण तर मुळातूनच वाचावे असे. लेखकाने येथे मन मोकळे केले आहे.' असली वाक्यं आम्हा परीक्षणवाल्यांना झोपेतही लिहिता येतात.

अंक निघाला. दोन-तीन रविवार गेले. लोकांनी चर्चच्या दारातल्या टेबलावरून सरांचं पुस्तक भराभर उचललं. मला "छान लिहिलंत हं" मिळालं. कुणी काही वेगळं बोललं नाही.

मग एका शनिवारी सकाळी सर स्वतःच माझ्या दारात उभे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर उतरेना म्हणून ऑपरेशन पुढं पुढं ढकललं जात होतं. रिक्षावाल्यानं हात धरून आणून सोडलं होतं. शर्टाच्या खिशात आमच्या मासिकाचा अंक घडी करून ठेवलेला.

"सलाम, सर. या की. फोन केला असता तर मीच आले असते."

"काम माझं हाय, तर मीच यायला पाहिजे," सर खुर्ची चाचपत बसले. "अगं, माझं मला काय वाचता येईना झालंय. पुस्तक छापून आलं, हातात घेतलं, वास घेतला, झालं. तू सातव्या प्रकरणाचं एवढं लिहिलंयस. तेवढं मला वाचून दाखव."

मी उत्साहात उठले. आपल्या हातून एका म्हाताऱ्या माणसाचं भलं होतंय, अशी धुंदी चढली होती. पुस्तक आणलं, अनुक्रमणिकेत बघितलं, पान सत्त्याण्णव. शहाण्णव सापडलं. पुढचं पान उलटलं तर एक्क्याऐंशी. पुन्हा एक्क्याऐंशी ते शहाण्णव, तीच पानं परत. आणि त्यानंतर एकदम एकशे तेरा, आठवं प्रकरण.

बांधणीवाल्यानं सोळा पानांचा एक फॉर्म दोनदा घातला होता आणि पुढचा गाळला होता. सातवं प्रकरण पुस्तकात नव्हतंच.

सरांना दिसत नाही, हा पहिला विचार आला. तोही लिहून टाकते, लपवण्यात काही अर्थ नाही. मी गळा साफ करून समोरचं एक्क्याऐंशीवं पान वाचायला लागले.

"अगं, हे सहावं," सर म्हणाले. "सातवं काढ."

"सर, सातवं नाहीये."

"नाही म्हणजे?"

"छापखान्याची चूक झालीय. पानंच नाहीत." आणि मग गाडी थांबेना. "सर, मी तुमचं पुस्तक वाचलंच नव्हतं. चार पानं वाचली. अनुक्रमणिका बघून लिहिलं. वाचलं असतं तर हे मला त्याच दिवशी कळलं असतं."

सरांनी चेहरा माझ्याकडं वळवला. लहानपणी त्यांच्या या वळून बघण्याला आम्ही छडीपेक्षा जास्त भ्यायचो. पन्नाशीला आलेली मी हात पुढं करून उभी राहायचीच बाकी होते. पण आश्चर्य असं की बोलून टाकल्याबरोबर छातीवरचं दडपण उतरलं. आता सर काय म्हणायचं ते म्हणोत, असं वाटलं.

"सगळ्याच प्रती अशा हायत का?" एवढंच सरांनी विचारलं.

मी पाळकसाहेबांना फोन लावला. उरलेला गठ्ठा त्यांच्या खोलीत होता. एकेक प्रत उघडल्याचा आवाज येत राहिला, मग म्हणाले, "अहो, खरंच की. सगळ्या तशाच." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "मीही अजून तिथवर पोचलो नव्हतो हो." प्रकाशनाच्या दिवशी पुस्तकावर वीस मिनिटं बोलले होते ते!

सरांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला.

"सुटलो," म्हणाले.

मी बघतच राहिले. माणसाचं अख्खं प्रकरण हरवलंय, आणि हा म्हणतोय सुटलो! मग सर थोडं हसले आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पुस्तकच कुणी वाचलं नाही म्हण की. एवढ्यांनी नेलं, सोळा पानं गायब, आणि एकाला पत्ता नाही." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या 'कुणी'त पहिला नंबर माझाच होता.

चहा झाल्यावर सरांनी सातवं प्रकरण काय होतं ते सांगितलं.

मी आठवीत असताना शाळेच्या लायब्ररीत गोष्टींच्या नव्या पुस्तकांचा गठ्ठा आला होता. पऱ्या, राक्षस, उडते गालिचे. आम्ही मुली महिनाभर त्याची वाट बघत होतो. आला त्याच आठवड्यात तो नाहीसा झाला. लायब्ररीची किल्ली एका शिपाईकाकांकडं असायची. सरांनी सकाळच्या प्रार्थनेला, सगळ्या शाळेसमोर, त्यांचं नाव घेऊन विचारलं, "किल्ली तुमच्याकडं, मग पुस्तकं कुठं गेली?" किल्ली काढून घेतली. संस्थेची एक शाळा लांब चंदगडकडं, डोंगरात होती, तिथं त्यांच्या बदलीचा कागद पाठवला. मी त्या रांगेत उभी होते. पुढं कित्येक दिवस आम्ही पोरी त्यांना पाठीमागून पुस्तकचोर म्हणायचो.

"पुढचं तुला ठाऊक नाही," सर म्हणाले. "बदलीवर जायला पंधरा दिवस होते. मी सकाळी खोलीत आलो तर गठ्ठा माझ्या टेबलावर. धुळीनं भरलेला, सुतळीसुद्धा सुटली नव्हती. शाळेला चुना मारायचं काम चाललं होतं. मी समजलो, रंगाऱ्यांनी कपाट सरकवलं असणार. वरनं मागं पडला असणार."

"मग बदली थांबवली नाहीत?"

"कागद गेला होता. परत मागवायचा तर माझं चुकलं असं लिहून द्यावं लागलं असतं." सरांनी खिशातला अंक चाचपला. "हे सगळं सातव्यात लिहिलं. छापखान्यात देताना हलकं वाटलं. तुझं पान कुणी वाचून दाखवलं, आणि माझी झोप उडाली. ते काका दर रविवारी शेवटच्या बाकावर असतात. त्यांना कळणारच. ज्याला सांगायचं त्याला सोडून मी जगाला सांगून बसलो. तू वाचलंयस, तर तुला विचारावं म्हटलं, त्यांना काय वाटंल. तू तर मला तोंडावर सांगून मोकळी झालीस."

मी म्हटलं, "सर, चला. आत्ता जाऊ." मी तापट आहे, तशी उतावळीही आहे. विचार करायला वेळ दिला असता तर सरांनी पुन्हा काही वर्षं घेतली असती.

काकांचं घर रिक्षानं पंधरा मिनिटांवर. काका दारात बसून लसूण सोलत होते. सरांना बघून घाईनं उठले, धोतराला हात पुसले, खुर्ची दिली. सर बसले नाहीत. उभ्यानंच, वर्गात बोलायचे तशा आवाजात त्यांनी सगळं सांगितलं: गठ्ठा सापडला होता, मला माहीत होतं, मी बदली थांबवली नाही, माझं चुकलं, मला क्षमा करा.

काका खाली बघत होते. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर सरांचे पाय धरतील. तसलं काही झालं नाही.

"सर, गठ्ठा रंगाऱ्यांना घावला न्हाय," ते म्हणाले. "मला घावला. कपाट मीच सरकवलंतं. तुमच्या टेबलावर मीच ठेवलीती ती पुस्तकं."

सरांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पंधरा दिवस बघत हुतो, सर कायतरी बोलतायसा का. बोलला न्हाईसा. मग गेलो चंदगडला. पाच पावसाळं काढलं तिथं. एस्टी आली की रोज वाटायचं, आज सरांचं पत्र येतंय बघ."

आतून काकांची बायको आली, आमच्याकडं बघून परत आत गेली आणि भांड्यांचा आवाज सुरू झाला. सर हळूच खुर्चीवर टेकले. पुस्तकाचं सांगणं अजून बाकी होतं. ते मी सांगितलं. सातव्या प्रकरणाचं, हरवलेल्या पानांचं, माझ्या खोट्या कौतुकाचंही. "छापखान्याला पानं नव्यानं घालावीच लागतील," मी म्हटलं, "पण तुमची इच्छा नसेल तर सर ते प्रकरण काढून टाकतील."

"कशाला काढताय? छापा की."

"तुमचं नाव नाही घातलं हं त्यात," सर घाईनं म्हणाले. "कुणाला कळू नये म्हणून. एक शिपाई, एवढंच लिहिलंय."

काका पहिल्यांदाच तापले. "ते एक शिपाई बिपाई न्हाय चालायचं. माझं नाव घाला. चोर म्हनलासा तवा समद्या शाळंम्होरं नाव घेऊनच म्हनलासा न्हवं?"

सरांनी मान हलवली. मग काका बसले आणि उरलेला लसूण पुढं ओढला. "बोललासा, बरं झालं," म्हणाले. "आता मरायला मोकळा." आणि हसले. तेव्हा कुठं आम्हा तिघांचाही जीव भांड्यात पडला. चहा आला, बरोबर बटाटेवडे आले. सरांनी साखरेचं पथ्य विसरून दोन कप चहा घेतला आणि मी त्यांना अडवलं नाही.

पुढच्या अंकात मी माझ्या पानावर आधी कबुली छापली: 'गेल्या महिन्यात मी एका पुस्तकाबद्दल ते न वाचता लिहिले.' वाटलं होतं, तोंड दाखवायला जागा उरणार नाही. उलट पायऱ्यांवर लोक जवळ येऊन, इकडंतिकडं बघून, "आम्हीपण कुठं वाचलं होतं" असं सांगायला लागले. मी मात्र सरांचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. सुरुवातीची तीस पानं अजूनही कंटाळवाणी आहेत, हे मी सरांना तोंडावर सांगितलं. त्यापुढं मात्र पुस्तक खरोखर चांगलं आहे. इतकं हायसं मला परीक्षेच्या निकालानंतरही वाटलं नव्हतं.

पानं छापून आली त्या रविवारी सरांनी पाळकसाहेबांची परवानगी काढली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एकदाचं झालं होतं, त्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती, म्हणून उपासनेनंतर सातवं प्रकरण मी मोठ्यानं वाचायचं ठरलं. काका शेवटचा बाक सोडून पहिल्या बाकावर येऊन बसले होते, शेजारी बायको, सून, नातवंडं. मी घरी तीन वेळा वाचून गेले होते, तरी पहिल्याच वाक्यात त्यांचं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट, आणि मी तिथंच थांबले.

"वाचा की बाई पुढं," काका मोठ्यानं म्हणाले. "ऐकायलोय आमी."