मोरीची धार शेवटी

रेणापुरात कुणाची म्हैस धार देईना की केवळाबाईला बोलावणं यायचं. ती कासेखाली बसली की आडमुठी म्हैससुद्धा मुकाट पान्हा सोडायची. चार घरच्या आठ म्हशी ती दोन्ही वेळ पिळायची आणि घरची नववी, मोरी, सगळ्यांत शेवटी. लोकांचं दूध डेअरीच्या गाडीला गेलंच पाहिजे, आपलं काय, घरचंच आहे! घरची म्हैस कुठलीही असो, पंचवीस वर्षं हाच शिरस्ता.

धार काढणं म्हणजे गंमत वाटते लोकांना. मूठ आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची, हजारदा. पन्नाशी उलटली तशी सहाव्या म्हशीलाच बाईच्या मुठीतला जोर ओसरू लागला. मोरीपर्यंत बोटं कासेच्या सडाभोवती नुसती टेकलेली असायची. मग ती अंगठा दुमडून सड रेटू लागली. हे चूक आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? याच चुकीसाठी सून तनुजाला तिने शिव्या घातल्या होत्या. थोडं दूध कासेतच राहायचं, तिकडेही ती काणाडोळा करायची.

परवा मोरीची एका बाजूची कास दगडासारखी झाली. जनावरांचे डॉक्टर भडकलेच.

"अंगठ्यानं सड चेचलाय, वर दूध तुंबलंय. सुई दिलीय, पण दर दोन तासाला मोकळा करा. न्हाईतर सड गेला म्हणून समजा."

"हातात जोरच न्हाई राहिला, साहेब."

"हाताला रोग न्हाई, हात दमलाय. चार दिवस आराम द्या, येतंय सगळं."

चार दिवस कुठून आणायचे? लोकांच्या म्हशी दुसऱ्याला शिवू देईनात. मोरी तर तनुजा बसली की लाथच झाडायची.

त्या संध्याकाळी आठ म्हशी पिळून केवळाबाई मोरीखाली बसली. हात कोमट पाण्यात बुडवले, झटकले, सड धरला. बोटं मिटेनात. जीव खाऊन आवळलं तरी मिटेनात.

"तनुजा, माज्या मुठीवर तुजी मूठ धर. दाब!"

तनुजाने दाबलं. मोरी थरथरली, पण पाय उचलला नाही. एक पिवळी गाठ पडली, रक्ताचे दोन थेंब आले, मग काहीच नाही.

"आत्याबाई, बोटं मोडतील तुमची."

"मोडू दे. दाब."

मोरीने मान वळवून केवळाबाईचा खांदा हुंगला आणि बाईचा बांध फुटला. "समद्याइचं आधी काढलं गं माय, तुजंच मागं ठिवलं!"

तनुजा दाबतच होती. सड कोरडाच होता.